हळदीची आगबोट

आमच्या घरी चार माणसं जमली आणि पानं मांडायला थोडा अवकाश असला, की कोणीतरी म्हणतंच, "अण्णा, ती बोट लाल झाल्याची गोष्ट सांगा." मी जरा आढेवेढे घेतो, पंच्याने तोंड पुसतो आणि सांगतो. घरात ही गोष्ट फार चालते. ती हळदीपाशी आली की मंडळी हसतात, आतून ही म्हणते, "पुरे झालं आता," आणि मी थांबतो. दहा-अकरा वर्षं मी तिथेच थांबत आलो आहे.

गेल्या वैशाखात थोरली मुलगी माहेरपणाला आली होती. तिला देवरूखला दिली आहे. कडेवर आता एक मूल आहे. तिच्या सासरची दोन माणसं सोबत आलेली, त्यांच्यापुढे मी गोष्ट चांगली रंगवून सांगितली. सगळे हसले, तीही हसली. मग तांब्याभांडं ठेवायला माझ्यापाशी वाकली तेव्हा हळूच म्हणाली, "अण्णा, बोटीवरचं नाही सांगत तुम्ही कधी."

मी पानाची चंची शोधू लागलो. चंची माझ्या मांडीवरच होती.

तर आता बोटीवरचंही सांगायला हवं. पण ते कळायला आधीचं सगळं पुन्हा सांगावं लागेल. ज्यांनी ऐकलं आहे त्यांनी हळदीपर्यंतचं वाचलं नाही तरी चालेल. हसून झालेलंच आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मडकं, आंब्याचं पान, कलती पेटी, पुन्हा मडकं. हातात खडू आणि काखेत छडी, असा माझा त्या वेळचा थाट. एकदा बाहेरगावचे कोणी शिक्षणातले विद्वान गावात येऊन व्याख्यान देऊन गेले. मुलांना मारू नये, चांगल्या वागण्याला उत्तेजन द्यावं, आणि ते उत्तेजन मुलाच्या डोळ्यांपुढे टांगलेलं असावं, असं त्यांचं म्हणणं. मी पुढच्या बाकावर बसलो होतो. मला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी शाळेत छडी नेहमीसारखी चालवली आणि घरी येऊन सुधारणेला हात घातला. सुधारणा घरापासून करावी म्हणतात. शाळेपर्यंत ती यायला पुढे बरीच वर्षं लागली.

घरात दोन मुली. थोरली आठ वर्षांची, धाकटी पाच. शाळेतल्या मोठ्या जाड कागदाचे दोन ताव विकत घेतले (फुकट आणले नाहीत, हे नमूद करतो) आणि दोन्हींवर एकसारखी आगबोट काढली, नुसत्या रेषांची, आत रंग नाही. मग बोटीच्या अंगाची लहान लहान घरं पाडली. मुलगी दिवसभर चांगली वागली, पहाटे हाकेसरशी उठली, पाढे न अडखळता म्हणाली, न रडता वेणी घालून घेतली, की संध्याकाळी दिवा लागल्यावर तिने एक घर रंगवायचं. रंग घरचेच. शाळेची रंगपेटी घरी आणायची नाही असा माझा कडक नियम होता. त्यामुळे घरांना हळद, खालच्या समुद्राला कपड्यांची नीळ, आणि लाल रंगाला चिमूटभर कुंकू. भाट्याच्या समुद्रकाठच्या पुळणीवरून मुलींनी शिंपले आणले होते, त्यांत हे रंग डिंकाच्या पाण्यात कालवून ठेवलेले. कुंचला शाळेतून बाद झालेला, सात केसांचा.

कुंकू मागितलं तेव्हा ही म्हणाली, "कागदाला कुंकू? कोणाचं लग्न लागतंय?"

"ते धुराड्यासाठी," मी म्हणालो. "धुराडं लाल. तेवढं एकच घर लाल आहे. अंगाशी आलं असतानासुद्धा जी खरं बोलेल, तिला ते मिळेल."

"म्हणजे आधी काहीतरी वाईट करायला हवं."

"तसं नव्हे."

"मग कसं?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चुलीकडे गेली.

हे सगळं कशासाठी, तर बोटीसाठी. दिवाळीच्या सुट्टीत मला मुंबईला थोरल्या भावाकडे जायचं होतं, आगबोटीने. भावाची खोली एक आणि तिच्यात माणसं सात. तेव्हा एकच मुलगी बरोबर नेता येणार होती. जिचं धुराडं आधी लाल होईल ती. धाकटीला बोट काय नि बैलगाडी काय, सारखीच. थोरलीचं तसं नव्हतं. आमच्या परसातून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसते. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या की भोंगा ऐकल्याबरोबर ही पोर हातातलं टाकून परसात धावायची आणि धूर दिसेनासा होईपर्यंत कठड्याशी उभी राहायची. बोटीत खाली काय असतं, तिथे माणसं झोपतात कशी, पाणी आत का येत नाही, असलं ती गावातल्या प्रत्येक जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची. ती तेवढं एकच मागत होती, आणि ते मी भिंतीवर टांगलं होतं.

गणपती गेल्यावर तक्ते लागले. थोरलीची घरं भराभर पिवळी होऊ लागली. ती मुळातच सरळ पोर. मी उत्तेजन दिलं नसतं तरी ती उठलीच असती, हे मला तेव्हा दिसलं नाही. मला वाटायचं ते माझ्या कागदाने उठते. धाकटीने मात्र पद्धतीचं मर्म दोन दिवसांत ओळखलं. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून धावत आली, दोन्ही हात दह्याने माखलेले.

"अण्णा, मी दही सांडलं. खरं सांगते. धुराडं द्या."

मी ते नामंजूर केलं. मुद्दाम केलेली चूक मोजायची नाही, असा नवा नियम केला. मग तिने चुकून दोन भांडी फोडली. तेव्हा नियमाला आणखी एक शेपूट लावलं. ही दारात उभी राहून म्हणाली, "यमाच्या दारी बसवायला हवं तुम्हाला. त्याचा कारकून थकला असेल."

थोरलीची अडचण उलटी होती. तिच्या हातून काही घडेचना. एकदा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि बराच वेळ विचार करून म्हणाली, "अण्णा, काल मी देवाला नमस्कार करताना दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते."

"कसला?"

"बोटीचा."

मी हसलो. हे काही अंगाशी येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ते धरलं नाही. दसरा गेला. तिची बोट अर्ध्याच्या वर पिवळी झाली, धुराडं पांढरंच.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा माजघराला चुना लावायला घेतला. नेमकी त्याच दिवशी ही बाहेरची झाली आणि पडवीत जाऊन बसली. तीन दिवस तिने घरात शिवायचं नाही, तेव्हा घर माझ्या हाती. भात मी केला. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तो निराळा गुन्हा आहे. संध्याकाळी गडी चुना लावून गेला. भिंत ओली होती, पण तक्ता एक दिवस बंद राहिला तर शिस्त मोडेल असं मला वाटलं. मी खळ शिजवली आणि थोरलीची बोट तिच्या जुन्या जागी त्या ओल्या भिंतीवर पाठीला भरपूर खळ फासून चिकटवली. धाकटीची लावायला खळ उरली नाही, म्हणून ती लाकडी खांबावर बारीक चुका ठोकून लावली.

सकाळी पाहतो तर थोरलीची बोट लाल.

एखादं घर नव्हे. जेवढं पिवळं होतं तेवढं सगळं तांबडंलाल, कडांना जरा जास्तच. धाकटीची बोट खांबावर जशीच्या तशी पिवळी. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी देवघरात जाऊन हिचा कुंकवाचा करंडा उघडून पाहिला. कुंकू कमी झाल्यासारखं वाटलं. आधी किती होतं ते मला ठाऊक नव्हतं, पण ज्याला निकाल आधीच माहीत असतो त्याला एवढा पुरावा पुरतो.

थोरलीला भिंतीपुढे उभी केली.

"हे कोणी केलं?"

ती बोटीकडे बघत राहिली. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. "लाल झाली," ती म्हणाली.

"ते मला दिसतंय. कोणी केली?"

"मला माहीत नाही. मी नाही केली."

"मग मी केली? आई पडवीत. धाकटीचा हात पोचत नाही. उरलं कोण?"

"मी नाही, अण्णा."

तिसऱ्यांदा ती "मी नाही" म्हणाली तेव्हा मला व्याख्यान आठवलं. आवाज चढवायचा नाही. मी पाटावर बसलो, तिला जवळ घेतली आणि अगदी गोड आवाजात म्हणालो, "हे बघ, मी रागावणार नाही. झालं ते झालं. पण खरं बोललीस तर काय मिळतं, ठाऊक आहे ना?"

ती माझ्याकडे बघत होती. मग तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. लाल झालेल्या घरांच्या वर धुराडं पांढरंच होतं. चोरून रंगवणारी पोर धुराडं सोडून पिवळी घरं रंगवील का, हा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता. तो मला पडला नाही. तिला कोणता पडला असेल, ते मी पुष्कळदा मनात मांडून पाहिलं आहे.

"मी केलं," ती म्हणाली.

"कशाने? कुंकवाने?"

"कुंकवाने."

"आईच्या करंड्यातल्या?"

"हो."

"सकाळी, आम्ही उठायच्या आधी?"

"हो, आधी."

सगळी उत्तरं माझ्या प्रश्नांतच होती. तिने ती फक्त उचलून माझ्या हातात दिली. मला भरून आलं. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी शिंपल्यात कुंकू कालवलं, कुंचला तिच्या हातात दिला आणि तिने धुराडं रंगवलं, रेषेबाहेर थेंबही न जाऊ देता.

पडवीतून हिने विचारलं, "काय चाललंय हो सकाळी सकाळी?"

"काही नाही. तुझी मुलगी खरं बोलली."

"खोटं कधी बोलली होती?"

मी करंडा देवघरात नेऊन ठेवला. त्याच दिवशी शाळा सुटताना, सुट्टीपूर्वीचे चार शब्द म्हणून, मी वर्गाला ही हकीगत सांगितली. आपल्या घरचंच उदाहरण आहे, असं म्हणालो. मुलं गप्प बसून ऐकत होती, कारण छडी टेबलावर होती. ते भाषण मी आजतागायत मागे घेतलेलं नाही.

चौथ्या दिवशी ही न्हाऊन घरात आली. केसांना पंचा गुंडाळलेला, तशीच भिंतीपुढे उभी राहिली.

"ही बोट हिने कुंकवाने रंगवली?"

"हो. कबूल केलं तिने."

हिने बोटीवर बोट फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमची चंची बघू." चंचीतल्या डबीचा चुना नखावर घेतला, तळहातावर हळदीची चिमूट घेतली, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि चोळून हात माझ्या नाकापुढे धरला. तळहात लाल.

"आपल्या लग्नात तुमच्यावरून तांबडं पाणी ओवाळून टाकलं, ते कशाचं होतं?"

"मला वाटलं, कुंकवाचं."

"चित्रकलेचे मास्तर," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "ओल्या चुन्यावर हळद लावायची आणि मग चोर शोधायचा. रोज पान खाता हो तुम्ही. ती डबी रोज हातात असते."

गोष्ट मी इथे संपवतो. इथे सगळे हसतात, आणि गोष्टीत मीच मूर्ख ठरतो, त्यामुळे सांगायला बरं वाटतं. स्वतःला मूर्ख म्हणवून घेण्यात एक सोय असते; त्याहून वाईट काही असलं तर ते त्याच्यामागे लपतं.

ही हसत होती तेव्हा थोरली उंबऱ्यात उभी होती. ती हसत नव्हती. मी तिला विचारलं, "अगं, मग तू हो का म्हणालीस?"

ती बोटं मोडत उभी राहिली. रागाने नाही, अगदी हिशेब सांगावा तशी म्हणाली, "आधी मी खरं बोलले, तेव्हा तुम्ही धरलं नाही. मग दुसरं बोलले, तर तुम्ही म्हणालात, हे खरं."

हिचं हसणं थांबलं. तिने हात धुतले.

मी म्हणालो, "बरं. धुराडं राहू दे. बोटीवर तूच चल." मला वाटलं, भरपाई झाली. धाकटीने मोठ्याने गळा काढला, तो चकली हातात पडेपर्यंत. थोरली नुसती "हो" म्हणाली. ती परसात धावेल, उड्या मारील, असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "आता ते पुसणार नाही ना?"

भाऊबीजेनंतर आम्ही निघालो. धक्क्यावरून पडावाच्या होडीत आणि तिच्यातून बोटीच्या शिडीवर. मी सतरंजी अंथरून जागा धरली. पोरीने नवं परकर-पोलकं घातलं होतं. इतकी वर्षं परसातून बघितलेली बोट आता पायाखाली होती, पण ती माझ्याजवळ मांडी घालून बसून राहिली.

"अण्णा, कठड्याशी जाऊ?"

"जा की."

गेली, परत आली. "अण्णा, खाली यंत्र दिसतं तिथे बघू?"

"बघ."

"बघितलं तर चालेल ना?"

दर पावलाला विचारत होती. मला वाटलं, केवढी शहाणी झाली आहे. शेजारच्या सतरंजीवरचे गृहस्थही म्हणाले, "मास्तर, मुलगी फार गुणाची." मी मान हलवली, जणू ती माझी कमाई होती.

जयगड मागे पडलं आणि बोट हलायला लागली. पोर पांढरी झाली. मी लिंबू शोधेपर्यंत ती ओकली: नव्या परकरावर, सतरंजीवर, थोडं माझ्या धोतरावर. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "अगं, हे काय केलंस?"

"मी नाही," ती म्हणाली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या कपाळाला आठ्या असणार. धोतर धुतलेलं होतं. तिने तोंड पुसलं आणि घाईघाईने म्हणाली, "केलं. मीच केलं, अण्णा. मुद्दाम केलं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. काय बोलायला हवं ते मला कळत होतं. पण शेजारचे गृहस्थ बघत होते, म्हणून मी धोतर झटकू लागलो.

एक खलाशी बादलीत समुद्राचं पाणी घेऊन आला. आमच्याच किनाऱ्यावरचा मुसलमान, दाढी पिकलेली, पायांत काही नाही. त्याने सतरंजीची कड उचलली, पाणी ओतलं आणि पोरीपुढे उकिडवा बसला.

"बाय, तू नाय केलंस. दर्यान् केलान्. तू कशाला आपल्या अंगावर घेतेस?"

पोरीने त्याच्याकडे पाहिलं. "खरंच?"

"खरंच. माझो बाप जल्मभर बोटीवर होतो, तो पण ओकायचो. मास्तर, पोरीला बोलू नका काय."

"नाही बोलत," मी म्हणालो.

"मी नाही केलं," ती त्याला म्हणाली. मला नाही, त्याला. आणि पहिल्याच बोलण्यावर त्याने ते धरलं, मान डोलावली आणि बादली उचलून पुढच्या सतरंजीकडे गेला. ती त्याच्या मागोमाग कठड्यापर्यंत गेली आणि मुंबई येईपर्यंत बहुतेक वेळ तिथेच उभी होती. मग तिने मला काही विचारलं नाही. मी सतरंजी पिळत बसलो होतो.

घरी परत आल्यावर मी तक्ते काढायला गेलो. खांबावरची बोट सहज निघाली. भिंतीवरची बोट खळ आणि चुना यांत अशी धरली होती की निम्मी फाटून हातात आली आणि निम्मी तिथेच राहिली. मी तिच्यावर चुना फासला. दर दिवाळीला फासतो.

थोरलीने त्यानंतर त्या बोटीवरच्या प्रसंगाचा शब्द कधी काढला नाही, तो एकदम गेल्या वैशाखात. मला वाटत होतं, ती लहान होती, विसरली असेल. ती विसरली नव्हती; मी तिथपर्यंत कधी येतो याची वाट बघत इतकी वर्षं माझ्या गोष्टीवर हसत होती. म्हणून हे लिहून काढलं. तोंडाने सांगायला बसलो की माझी जीभ हळदीपाशी आपोआप थांबते.

हा कागद देवरूखला धाडतो आहे. त्या दिवशी सकाळी भिंतीपुढे ती तीनदा जे म्हणाली, ते खरं होतं.